फुगवट्यावर, ऑफ सीझन

बंगल्याचं नाव 'सी ब्रीझ'.
समुद्र इथून रात्रभराच्या गाडीवर,
पण मालक दातांचे डॉक्टर, संभाजीनगरला असतात,
आणि धरणाच्या नावातच सागर म्हटल्यावर
त्यांना कोण अडवणार.

मे महिन्यात भाडं निम्मं.
मुख्तारभाईंनी किल्ली देताना दोनदा विचारलं,
आत्ता? ह्या उन्हात?
पाणी तर गेलं की मावशी, पार तिकडं.
खरंच गेलं होतं.
गच्चीवरची 'लेक व्ह्यू' लिहिलेली खुर्ची
मैलभर भेगाळलेल्या गाळाकडं तोंड करून बसलेली,
आणि त्याच्याही पलीकडं पाण्याची रेघ,
डब्याच्या तळाला उरलेल्या तुपासारखी.

आत गेल्या हंगामाची माणसं शिल्लक होती:
फ्रिजमध्ये सॉसची अर्धी बाटली,
पलंगाखाली लहान मुलाची एकच चप्पल,
अभिप्रायाच्या वहीत कुणी निकिता लिहून गेलेली,
रोहित पक्षी दिसले, वायफाय स्लो.
भिंतीवर लॅमिनेट केलेले नियम. सातवा:
रात्री दहानंतर मोठ्याने बोलू नये.
तो वाचून हे हसले.
आवाज न करता. खांदे तेवढे हलले.

तीस वर्षं जालन्याच्या मोंढ्यात हराशी पुकारली ह्यांनी.
तुरीच्या ढिगाशी उभं राहून
तेजराव एकदा "एकवार" म्हणाले
की सरकीच्या गोदामातली कबुतरं उडायची.
घरी मीठ मागितलं
तर गल्लीला कळायचं आमची भाजी अळणी झाली.
मग घशात गाठ. साधीच निघाली,
पण डॉक्टर म्हणाले, चार आठवडे
एक अक्षर नाही. कुजबुजसुद्धा नाही.
घरी ते होईना. मोबाईल, माणसं, नातू.
म्हणून इथं.

पहिले तीन दिवस मीच बोलत राहिले
दोघांच्या वाटचं.
चौथ्या दिवशी माझंही आटलं.
दुपारी कूलरमध्ये पाणी ओतायचं,
संध्याकाळी काठाकडं चालत जायचं,
काठ रोज थोडा पुढं सरकलेला.
काल ओलीवर रोवलेली ह्यांची काठी
आज कोरड्यात उभी.
मग वहीत एक आकडा. कशासाठी, विचारलं नाही.

खाली गाळपेरीत द्रुपदाबाईची टरबुजं होती.
एका सकाळी टेम्पो आला, व्यापारी तरणा,
पांढरे बूट गाळातून जपून उचलत.
किलोला चार म्हणाला.
धरणाचं फुकटचं रान, फुकटचा ओलावा,
चार लई झाले.
द्रुपदाबाई टरबुजावर टिचक्या मारत राहिली,
आतून कुणी उत्तर देईल तशी.
ह्यांचा हात गळ्याकडं गेला.
मी म्हटलं, नाही हं.
तर ह्यांनी खांद्यावरचा पंचा काढला,
व्यापाऱ्याच्या हातावर टाकला
आणि पंच्याखाली त्याची बोटं धरली.

जुनी रीत. बैलबाजारात चालायची.
ह्या पोराला कुठली माहीत, मला वाटलं,
पण त्याचा चेहरा बघता बघता
आजोबाच्या दुकानात जाऊन आला.
पंचा हलायचा, थांबायचा,
खाली मांजराची पिलं असावीत तसा.
आम्ही सगळे गप्प.
लांब एका टिटवीचं तेवढं चाललेलं.
मग तो म्हणाला, बरं, सात.
आणि घाम पुसला, त्याच पंच्याला.

रात्री वीज गेली. गच्चीवर गाद्या टाकल्या.
पाणी दिसत नव्हतं, वास यायचा,
मासळीचा, गार होत चाललेल्या दगडांचा.
ह्यांनी चादरीखाली माझा हात घेतला
आणि बोटं दाबली. तीन. मग अंगठा.
मग तळव्यावर हळूच एक रेघ.
छत्तीस वर्षं संसार झाला,
ही भाषा मला येत नाही.
किती म्हणत होते, शेकडा की हजार,
की नुसतंच, झोपलीस का.
मीही आपली दोन बोटं दाबली.
ते जरा थांबले.
मग एक बोट वाढवलं.

सौदा मोडला की हात सुटतो,
एवढं ऐकून होते.
सोडला नाही.
भाडं अजून अकरा दिवसांचं भरलेलं होतं.